धूर गेला, वायू उरला

(कोल्हापूर येथे स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



विषय कोणता घेणार, असे संयोजकांनी विचारले तेव्हा मी 'न्हाणीघरातली हवा' असे सांगितले. या व्यासपीठावर संतसाहित्य, शाहू महाराजांचे कार्य, सहकार, कुस्ती, नाटक असे विषय होत आले आहेत. त्या मालिकेत हा विषय बसतो का, असे कुणालाही वाटले असते. तरी आढेवेढे न घेता त्यांनी तो मान्य केला, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. दिवाळी तोंडावर आली आहे आणि मला जे सांगायचे आहे ते नरकचतुर्दशीच्या पहाटेआधी तुमच्या कानांवर पडायला हवे. वर्षातल्या इतर दिवशी घरातली माणसे आपापल्या वेळेला आंघोळ करतात. त्या पहाटे मात्र सगळे घर एकामागून एक न्हाणीघरात जाते, दार लावते, तेल-उटणे लावून सावकाश न्हाते. बाहेर गारठा असतो, म्हणून खिडकीची काच घट्ट लावलेली असते. आणि आत गॅसचा गिझर तासभर अखंड जळत असतो.

थंडीच्या दिवसांत पुणे, नाशिक, सांगली, कोल्हापूर, कुठूनही एक बातमी येते. आंघोळीला गेलेली व्यक्ती बराच वेळ बाहेर आली नाही, हाका मारल्या, शेवटी दार तोडले. कधी कॉलेजची मुलगी, कधी नवविवाहित जोडपे, कधी आई आणि तिने बरोबर आंघोळीला नेलेले लेकरू. मार्च २०२३ मध्ये धुळवडीचे रंग धुवायला गेलेले घाटकोपरचे एक दाम्पत्य दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात मृतावस्थेत सापडले आणि गिझरमुळे गुदमरून हे झाले असावे, असा पोलिसांचा प्राथमिक अंदाज छापून आला. अशा बातमीचा मथळा बहुतेक वेळा 'गॅसगळतीने मृत्यू' असा असतो. वाचणारा माणूस उठतो, आपल्या घरातली नळी तपासतो, रेग्युलेटरला साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का पाहतो आणि निश्चिंत होतो. हे तपासणे चांगलेच आहे. पण या मृत्यूंमध्ये बहुतेक वेळा गळती झालेलीच नसते. नळी शाबूत असते, सिलिंडर शाबूत असते. माणूस दगावतो तो न जळलेल्या गॅसने नव्हे, तर अर्धवट जळलेल्या गॅसने.

हा फरक नीट समजून घेऊ. आपल्या सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात कंपनी मरकॅप्टन नावाचे उग्र वासाचे द्रव्य मिसळते. त्यामुळे गळती झाली की शेजारच्या घरापर्यंत वास जातो. पण गॅस पेटला की ते द्रव्यही जळून जाते. ज्योतीतून जे बाहेर पडते त्याला वास नसतो. हवा भरपूर असेल तर इंधनातल्या कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि पाण्याची वाफ होते. हवा कमी पडली की कार्बनच्या वाट्याला ऑक्सिजन अपुरा येतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. नाकाला, घशाला, डोळ्यांना तो टोचत नाही. वजनाला तो जवळजवळ हवेइतकाच, त्यामुळे वर जात नाही की खाली बसत नाही, खोलीभर मिसळून राहतो.

आता थोडे गणित करू. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गिझर आपल्याकडे सर्रास बसवला जातो. थंडीत पाणी पंचवीस अंशांनी तापवायचे, तर त्याला तासाला साधारण एक किलो गॅस लागतो. एक किलो गॅस पुरता जळायला पंधरा किलोंहून थोडी जास्त हवा लागते. आकारमानात सांगायचे तर सुमारे तेरा हजार लिटर. म्हणजे मिनिटाला दोनशे लिटरांहून अधिक हवा हा गिझर ओढतो. आता आपल्या फ्लॅटमधले न्हाणीघर मापा. पाच फूट रुंद, सहा फूट लांब, आठ फूट उंच धरले तर आत हवा आहे सुमारे ६,८०० लिटर. सगळे बंद असेल तर दहा मिनिटांत त्यातल्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याचा ऑक्सिजन संपतो. दुसऱ्या बाजूने पाहा. स्वस्थ उभ्या माणसाला मिनिटाला पाव ते तीन दशांश लिटर ऑक्सिजन लागतो आणि हा गिझर मिनिटाला चाळीस लिटरांवर ऑक्सिजन खातो. त्या कोंदट खोलीत तुमच्याबरोबर दीडशे माणसे श्वास घेत असावीत, असा हा हिशेब आहे. दाराच्या फटीतून थोडी हवा येते, म्हणून रोज अपघात होत नाही. पण हवेतला ऑक्सिजन एकवीस टक्क्यांवरून अठरा-एकोणीसपर्यंत उतरला, तरी ज्योतीचे जळणे बिघडू लागते. निळी ज्योत पिवळट होते, लांबते, डोलते आणि मोनॉक्साइड वाढत जातो. बर्नरच्या छिद्रांत धूळ किंवा कोळ्याचे जाळे असेल, आतल्या नळ्यांवर काजळी धरली असेल, तर हे आणखी लवकर होते.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. पहिला माणूस बहुधा सुखरूप बाहेर येतो. दुसऱ्याला जरा डोके जड वाटते. धोका साचत जातो तो तिसऱ्या-चौथ्यासाठी. आणि आपल्या घरात शेवटी आंघोळीला कोण जाते? सगळ्यांचे आवरून, देवपूजेची तयारी करून घरची बाई जाते. केस धुवायचे असतील तर तिला वेळही जास्त लागतो. लहान मुलांना न्हायला घालायचे कामही तिचेच. गॅस गिझरच्या या अपघातांत बायकामुलांची नावे पुन्हा पुन्हा का येतात, त्याचे एक कारण माझ्या मते इथे आहे.

हा वायू शरीरात काय करतो? रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेते. मोनॉक्साइडची त्याच्याशी बांधिलकी ऑक्सिजनपेक्षा दोनशे ते अडीचशे पट घट्ट आहे. त्यामुळे हवेत तो थोडासा असला तरी रक्तात हळूहळू जागा बळकावत जातो. शिवाय उरलेल्या हिमोग्लोबिनने धरलेला ऑक्सिजनही तो पेशींना सहजी सुटू देत नाही. फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला दाखवून दिले, की हा वायू थेट रक्तावर घाला घालतो. पुढे जॉन स्कॉट हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने कोळशाच्या खाणींतल्या मृत्यूंचा छडा लावण्यासाठी स्वतःवरच प्रयोग केले. तो मोजूनमापून हा वायू हुंगत असे आणि रक्तातले अर्ध्याहून अधिक हिमोग्लोबिन अडकेपर्यंत आपल्याला काय होते याची नोंद ठेवत असे. १८९५ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केले. 

या प्रयोगांतले मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की बसल्या जागी माणसाला फारसे काही झाल्यासारखे वाटत नाही आणि उठायला जावे तर पाय साथ देत नाहीत. न्हाणीघरात हेच घडते. डोके दुखते, मळमळते, जरा बसावेसे वाटते. पित्त झाले असेल, उपाशीपोटी गरम पाणी घेतले म्हणून असेल, असे वाटते. मग बाहेर पडावे असे मनात येते तेव्हा हात कडीपर्यंत पोहोचत नाही. नंतर लोक विचारतात, ओरडली का नाही, दार का उघडले नाही. ती बेसावध नव्हती. तिच्या स्नायूंना आणि मेंदूला तोवर ऑक्सिजनच मिळेनासा झाला होता.

खाणकामगारांनी यावर उपाय म्हणून कॅनरी पक्षी पिंजऱ्यातून खाली नेले. लहान पक्ष्याचा श्वास जलद, त्यामुळे तो माणसाच्या आधी कोसळायचा आणि माणसे मागे फिरायची. ब्रिटनच्या खाणींतून हे पक्षी १९८६ मध्ये निवृत्त झाले, त्यांची जागा यंत्रांनी घेतली. आपल्या घरात असा इशारा देणारे काय होते? माझे उत्तर आहे, धूर.

चुलीच्या धुरातही मोनॉक्साइड असतोच, चांगला भरपूर असतो. पण धूर झाला की डोळे चुरचुरतात, खोकला येतो, बाई पदराने नाक झाकून परड्यात येते, दार सताड उघडते. चुलीवरच्या भिंतीत झरोका असायचा, कौलांमधून धूर वर निघायचा. पाण्याचा तांब्याचा बंब परड्यात किंवा वरून उघड्या न्हाणीत असायचा. मधल्या नळकांड्यात चिपाडे, गोवऱ्या, ढलप्या घालायच्या, धूर वर जायचा, आणि आंघोळ करणारा बादली भरून घेऊन बाजूला जायचा. पेटवायची जागा एक आणि अंगावर पाणी घ्यायची जागा दुसरी. यात कुणी रसायनशास्त्र शिकलेले नव्हते. धूर सोसवत नव्हता, म्हणून घराची रचनाच तशी होत गेली.

मी चुलीचे गोडवे गायला उभा नाही. त्या धुराने आपल्या आयाबहिणींच्या छातीचे आणि डोळ्यांचे काय केले, ते डॉक्टर म्हणून मी पाहिले आहे. घरातल्या धुराने जगभरात वर्षाला सुमारे ३२ लाख माणसे अकाली मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० सालचा अंदाज आहे. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली, गावोगाव सिलिंडर पोहोचले, हे फार चांगले झाले. माझे म्हणणे एवढेच आहे, की चुलीकडून कोळशाकडे आणि कोळशाकडून गॅसकडे आलो तसा धूर गेला आणि धुराबरोबर इशाराही गेला. वायू मात्र उरला. आणि ज्या काळात इशारा गेला, त्याच काळात आपण घरे घट्ट बंद करत गेलो. कौले जाऊन स्लॅब आला, परड्यातली न्हाणी झोपण्याच्या खोलीला चिकटली, झरोक्याच्या जागी सरकत्या काचा आल्या. डास येतात म्हणून त्या काचांवर पुठ्ठा लागला.

हवा हेही जळणच आहे, हे कोल्हापूरला कुणी परक्याने येऊन सांगायची गरज नाही. गुऱ्हाळावर चुलवणाशी बसलेला माणूस चिपाड मूठमूठ आत सारतो. एकदम कोंबले तर आत हवा खेळत नाही, जाळ मंदावतो, धूर येतो आणि काहिलीतला रस उकळायचा थांबतो. त्याची नजर सतत जाळाच्या रंगावर असते. शिवाजी उद्यमनगरात आणि शिरोलीत ज्यांनी कुपोलाच्या भट्टीवर काम केले आहे त्यांना ठाऊक आहे, की वरच्या मचाणावर कोक आणि बीड टाकायला उभा राहणारा माणूस वाऱ्याची दिशा बघून उभा राहतो. कुपोलातून वर येणाऱ्या वायूत मोनॉक्साइडचा मोठा वाटा असतो. हुपरीत घराघरांत चांदीच्या मुशी तापल्या, तिथल्या जुन्या कारागिरांनाही बंद खोलीतली भट्टी म्हणजे काय ते माहीत आहे. एवढे जाणणारे हे गाव घरी येऊन न्हाणीघराचे दार लावते तेव्हा ते ज्ञान कारखान्याच्या फाटकाबाहेर राहते, याचे मला फार वाईट वाटते.

कोळशाच्या शेगडीबद्दल जरा थांबून बोलायला हवे. कारण गिझरचा धोका काही घरांनी तरी ऐकलेला आहे, शेगडीचा नाही. शेगडी पेटवताना धूर होतो, म्हणून ती अंगणात पेटवतात. निखारे फुलले, धूर थांबला, की ती घरात आणतात. लोकांना वाटते, आता निर्धोक झाली. नेमके याच वेळी ती सर्वांत फसवी असते. खालच्या थरात कोळसा जळून कार्बन डायऑक्साइड होतो आणि तो वरच्या लालबुंद कोळशातून जाताना त्याचा मोनॉक्साइड होतो. निखाऱ्यांवर कधी कधी निळसर ज्योत नाचताना दिसते, ती या वायूच्याच जळण्याची. वर राख धरली, ज्योत विझली, तरी वायू येतच राहतो आणि आता तो जळून न जाता खोलीत पसरतो. पुण्याच्या 'आरती' संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या संस्थेने, उसाच्या पाचटापासून कोळसा बनवण्याचे तंत्र विकसित केले आणि त्याला २००२ मध्ये अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. शेतात जाळून टाकले जाणारे पाचट कामी यावे ही कल्पना मला मनापासून आवडते आणि ऊसपट्ट्यात तिला मोठी जागा आहे. पण कोळसा पाचटाचा असो की बाभळीचा, तो उघड्यावर किंवा दारेखिडक्या उघड्या ठेवूनच वापरायचा आणि शेगडी उशाशी घेऊन झोपायचे नाही, हा नियम दोघांनाही सारखाच लागू आहे.

आणि आपल्याकडे ही शेगडी कुणाच्या उशाशी असते? बाळंतिणीच्या. बाजेखाली निखारे, शेपा-ओव्याची धुरी, दारेखिडक्या बंद, फटींना कापडाचे बोळे, कारण 'वारं लागेल'. आजीचा हेतू मायेचा आहे आणि शेक घेतल्याने बाळंतिणीला बरे वाटते, हेही खरे. पण त्या खोलीत सर्वांत नाजूक दोन जीव तासन्‌तास असतात. नवजात बाळाच्या रक्तात गर्भातले हिमोग्लोबिन अजून भरपूर असते आणि ते या वायूला अधिकच घट्ट धरते. बाळ सुस्त पडले, दूध ओढेना, आईचे डोके धरले, तर दृष्ट काढली जाते किंवा बाळंतपणाचा अशक्तपणा म्हणून सोडून दिले जाते. माझी आजीमंडळींना हात जोडून विनंती आहे. शेक द्या, पण निखारे खोलीबाहेर ठेवा. बाहेर तापवलेल्या विटेची पुरचुंडी आणा, मिठाची पोटली आणा, गरम पाण्याची पिशवी आणा. ऊब पोहोचेल आणि वायू बाहेरच राहील. खिडकी वितभर उघडी ठेवून आईच्या अंगावर एक पांघरूण जास्त घातले, तर वारेही लागणार नाही.

गर्भवतीच्या बाबतीत आणखी एक सांगतो. आई शुद्धीवर आली, चालू-बोलू लागली, म्हणून पोटातले बाळ सुटले असे होत नाही. बाळाच्या रक्तातून हा वायू आईच्या रक्तापेक्षा सावकाश निघतो. म्हणून दिवस गेलेल्या बाईला न्हाणीघरात चक्कर आली आणि गिझर आत असेल, तर ती उठून बसली तरी तिला दवाखान्यात न्यायचेच.

आता माझ्या व्यवसायबंधूंविषयी बोलतो. न्हाणीघरात कोसळलेला माणूस आणला जातो, नातेवाईक सांगतात चक्कर आली, फिट आली. कांदा हुंगवून झालेला असतो. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर तो ९८ दाखवतो. हे यंत्र रक्ताचा लाल रंग पाहते आणि मोनॉक्साइडने अडवलेले हिमोग्लोबिनही लालच दिसते. म्हणून ते आकडे इथे फसवतात. करोनाच्या काळात प्रत्येक घरात हे यंत्र आले आणि त्यावर सगळ्यांचा विश्वास बसला, त्यामुळे हे मोठ्याने सांगायला हवे. रक्ताची खास तपासणी केली तरच खरे कळते, पण त्या तपासणीसाठी ऑक्सिजन देणे थांबवायचे नाही. रुग्णाला आधी शंभर टक्के ऑक्सिजन लावायचा. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, तोंडावर घट्ट मास्क लावून शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण दीड तास. आपल्या देशातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी अशा रुग्णांची वर्णने 'गॅस गिझर सिंड्रोम' या नावाने प्रसिद्ध केली आहेत. त्यांत अपस्माराचा पूर्वेतिहास नसलेली, पण न्हाणीघरात झटका आलेली माणसे आहेत. त्यांतल्या कित्येकांना वर्षानुवर्षे फिटच्या गोळ्यांची गरज नसते, गिझर बाहेर काढण्याची असते. काहींना बरे वाटल्यावर दोन-तीन आठवड्यांनी विसरभोळेपणा, चालण्यात अडखळणे, स्वभावात बदल असे त्रास सुरू होतात. म्हणून घरी पाठवलेल्या रुग्णाला पुन्हा बोलवायला हवे. 'चक्कर कुठे आली?' हा प्रश्न प्रत्येक डॉक्टरने विचारायला हवा. उत्तर 'न्हाणीघरात' असेल, तर 'पाणी कशावर तापवता?' हा दुसरा.

हा वायू माणसाचा मोठेपणा पाहत नाही. एमिल झोला हा फ्रेंच कादंबरीकार सप्टेंबर १९०२ मध्ये पॅरिसमधल्या आपल्या घरी झोपेत गेला. शेकोटीचे धुराडे तुंबले होते आणि खिडक्या बंद होत्या. त्याची पत्नी वाचली. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दमण इथे एका हॉटेलच्या खोलीत केरळचे आठ पर्यटक गॅस हीटरपाशी झोपले आणि उठलेच नाहीत, त्यांत चार मुले होती. जानेवारी २०२५ मध्ये श्रीनगरला एका कुटुंबातली पाच माणसे अशीच गेल्याची बातमी आली. काश्मीरला आणि हिमाचलला थंडीत जाणारे पर्यटक आपल्याकडे आता कमी नाहीत. गडहिंग्लज, आजरा, चंदगडच्या घराघरांतून जवान उत्तरेच्या सीमेवर आहेत. त्यांना बुखारी, म्हणजे खोली तापवणारी शेगडी, माहीत आहे आणि झोपण्याआधी ती विझवण्याची शिस्तही माहीत आहे. सुट्टीवर आलेल्या जवानाने ती शिस्त आपल्या घरात, आपल्या आईच्या शेगडीला लावावी, असे मला वाटते.

महापुराचाही या विषयाशी संबंध आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, कितीतरी वस्त्यांत वीज नव्हती, माणसे वरच्या मजल्यावर अडकली होती. तेव्हापासून घरगुती जनरेटर घेणाऱ्यांची संख्या वाढली आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये कडाक्याच्या थंडीत वीज गेली आणि लोकांनी घरात जनरेटर आणि कोळशाच्या शेगड्या पेटवल्या, बंद गॅरेजमध्ये गाडी सुरू ठेवून ऊब घेतली. शेकडो लोकांना विषबाधा झाली आणि काही दगावले. जनरेटर जिन्यात, बाल्कनीत, बंद पार्किंगमध्ये चालवू नये. पाऊस असला तरी त्याची जागा उघड्यावर, छपराखाली, खिडक्यांपासून लांब.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, गॅसचा गिझर न्हाणीघराबाहेर. बाल्कनीत, डक्टच्या उघड्या बाजूला, परड्याच्या भिंतीवर. पाण्याची नळी आत, ज्योत बाहेर. बंब परड्यात होता त्याचेच हे आजचे रूप. प्लंबर सांगेल, नळी लांब होते, पाणी गार होते, भिंत फोडावी लागते. फोडा. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी विजेचा किंवा सौर उष्णजल संच लावावा. आपल्याकडे ऊन मुबलक आहे.

भाड्याच्या घरात तो आतच बसवलेला असेल आणि मालक ऐकत नसेल, तर बादल्या आधी भरून घ्या, गिझर बंद करा, दार दोन-चार मिनिटे उघडे ठेवा आणि मग आंघोळीला जा. एक जण बाहेर आला की दुसऱ्याने लगेच आत जायचे नाही. नुसता एक्झॉस्ट पंखा पुरत नाही. खालून हवा आत यायला वाट नसेल, तर पंखा नुसता फिरतो. दाराच्या खालच्या भागात जाळी किंवा तीन बोटांची फट हवी. आतली कडी अशी असावी, की बाहेरून नाण्याने किंवा स्क्रू ड्रायव्हरने फिरवून उघडता येईल. दरवर्षी दिवाळीआधी जाणकाराकडून बर्नर साफ करून घ्या. ज्योत पिवळी दिसली, गिझरच्या वर भिंत काळवंडली, तर त्या दिवसापासून तो बंद. भारतीय मानक ब्यूरोचे या गिझरसाठी स्वतंत्र मानक आहे, आयएस १५५५८. घेताना ते बघा. ऑक्सिजन कमी झाला की आपोआप बंद होणारा झडपसंच आहे का, तेही विचारा.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो. हवेत दहा लाखांत तीनशे भाग वायू झाला की तीन मिनिटांच्या आत तो वाजायला हवा, असे युरोपचे मानक सांगते. धुराचा अलार्म वेगळा आणि एलपीजी गळतीचा अलार्म वेगळा, त्यांना हे काम जमत नाही. तो न्हाणीघरात लावू नका, वाफेने बिघडतो. बाहेरच्या भिंतीवर, झोपण्याच्या खोलीत लावा. त्याचे आयुष्य पाच ते दहा वर्षांचे असते, मुदत संपली की बदला. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या मुलामुलींना विचारा. तिथे ऑक्टोबर २०२२ पासून भाड्याच्या घरात जळणावर चालणारे बसवलेले उपकरण असेल, त्या खोलीत हा अलार्म लावणे घरमालकाला बंधनकारक आहे, स्वयंपाकाची शेगडी सोडून. आणि दरवर्षी गॅसची उपकरणे नोंदणीकृत तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावी लागतात. आपल्याकडे तो भार घरातल्या बाईच्या सावधपणावर टाकून आपण मोकळे झालो आहोत.

कुणी आत पडलेच, तर दार तोडा, आत जाताना श्वास रोखा, गॅस बंद करा, माणसाला ओढत उघड्यावर आणा, १०८ला फोन करा आणि येणाऱ्यांना 'गॅस गिझर' हे दोन शब्द स्पष्ट सांगा. श्वास थांबला असेल तर छाती दाबायला सुरुवात करा. वाचवायला आत गेलेला दुसरा माणूसही तिथेच पडल्याच्या घटना घडतात, म्हणून आत रेंगाळू नका.

शेवटी महानगरपालिकेकडे आणि बांधकाम व्यावसायिकांकडे. २०२० मध्ये राज्यभर एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. न्हाणीघराला बाहेरची हवा मिळाली पाहिजे, हे तीत आहे. पण भोगवटा प्रमाणपत्राच्या दिवशी उघडी असलेली झडप पहिल्या हिवाळ्यात बंद होते आणि गिझर नंतर कधीतरी आत येतो. नकाशातच गिझरची जागा बाहेर दाखवली, तिथपर्यंत गॅसची आणि पाण्याची नळी नेऊन ठेवली, तर राहायला येणाऱ्याला भिंत फोडावी लागणार नाही. हे नव्या इमारतींत आजपासून करता येईल. आता पाइपलाइनचा गॅस शहरात येत आहे, घराघरांत नळजोडणी होणार आहे. त्याच वेळी आत बसलेला गिझर बाहेर काढण्याची अट घालता येईल.

आणि अंबाबाईच्या दर्शनाला बाहेरगावाहून येणारी हजारो माणसे पहाटे मंदिराजवळच्या लॉजवर आंघोळ करतात. एका खोलीत सहा-सात जण, एकामागून एक, अनोळखी न्हाणीघरात, काकड आरतीची घाई. परवान्याच्या नूतनीकरणाला आलेला अधिकारी अग्निशामक नळकांडे बघतो, नोंदवही बघतो. त्याच्या तपासणीच्या अर्जात 'पाणी कशावर तापते आणि ज्योत कुठे आहे' ही एक ओळ या नवरात्रानंतर छापून घ्यावी, असा ठराव आजच्या सभेने करावा. तो टाइप करून आणला आहे, अध्यक्षांच्या परवानगीने वाचून दाखवतो.